सॉकाय सॅमन आणि त्याचे नाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉकाय हा नेमका कोणता मासा आहे?

प्रशांत महासागराच्या उत्तर भागात सॅमनच्या ज्या जाती आढळतात, त्यांपैकी ही एक जात असून तिचे शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस नेर्का असे आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर कोलंबिया नदीपासून वर अलास्कापर्यंत आणि पलीकडे आशियाच्या बाजूला कामचाटका द्वीपकल्पाच्या आसपास हा मासा मोठ्या संख्येने सापडतो. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या पाण्यात परत येऊन तिथेच मरतो. वजन साधारण दोन ते साडेतीन किलो, म्हणजे चिनूकसारख्या दांडग्या भावंडापुढे तो लहानच दिसतो. समुद्रात असताना पाठ निळी व पोट चंदेरी असते, आणि पाठीवर किंवा शेपटीवर ठळक काळे ठिपके नसतात. इतर बहुतेक सॅमनांतून तो वेगळा काढण्याची ही सोपी खूण आहे. दुसरी खूण कल्ला उचलून पाहावी लागते. पहिल्या कमानीवर २८ ते ४० लांब, दाट दाते असतात, आणि त्यांच्या गाळणीतून तो पाण्यातले सूक्ष्म प्राणी वेगळे काढून खातो. मासेखाऊ माशाला एवढ्या बारीक गाळणीची गरज पडत नाही.

‘सॉकाय’ या नावात पायमोजा आणि डोळा कुठून आले?

कुठूनही आलेले नाहीत. इंग्रजीत हे नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचे दोन तुकडे पाडले तर एकाचा अर्थ पायमोजा आणि दुसऱ्याचा डोळा असा निघतो, आणि त्यामुळे या माशाच्या डोळ्याभोवती पायमोज्यासारखे काही असावे, अशी समजूत करून घेणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात हा शब्द इंग्रजी नाहीच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून वाहणाऱ्या फ्रेझर नदीच्या खालच्या टापूत राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या हाल्कोमेलम भाषेतला तो शब्द आहे. इंग्रजी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या व कोळ्यांच्या कानांवर तो पडला, त्यांनी तो ‘सुक-केग’सारख्या नाना प्रकारांनी लिहून पाहिला, आणि अखेरीस त्यांच्या स्वतःच्या भाषेत आधीच असलेल्या दोन शब्दांच्या साच्यात तो जाऊन बसला. मूळ शब्दाचा अर्थ सर्वसाधारणपणे ‘लाल मासा’ असा सांगितला जातो.

परक्या शब्दाचा अर्थ लागत नसला की जीभ त्याला ओळखीच्या शब्दाचे रूप देते. व्याकरणकार याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मुंबईकराला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मुंबई बेटाची हद्द जिथे संपत होती, ती शीव. इंग्रजांच्या तोंडी ती ‘सायन’ झाली, आणि बायबलातल्या डोंगराचे नाव त्यांना पाठ असल्यामुळे अक्षरेही त्याच डोंगराची लागली. आज तिथल्या रेल्वे स्थानकावर उभे राहून जेरुसलेमचा डोंगर शोधणे जितके व्यर्थ, तितकेच सॉकायच्या अंगावर पायमोजा शोधणे व्यर्थ आहे.

इंग्रजांच्या कानांवर हा शब्द पडण्याची संधी मुख्यतः व्यापारातून आली. हडसन्स बे कंपनीने फ्रेझरच्या काठी १८२७ साली फोर्ट लँगली हे ठाणे उभारले. केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी मांडलेल्या या ठाण्यात थोड्याच वर्षांत खारवलेल्या सॅमनची पिंपे भरली जाऊ लागली आणि ती थेट हवाई बेटांपर्यंत जाऊ लागली. मासा पकडून आणणारे आणि विकणारे स्थानिक लोक होते. तेव्हा मालाचे नावही विकणाऱ्याच्या भाषेतले असावे, यात नवल नाही. पुढे १८५८ साली फ्रेझरच्या घळीत सोने सापडल्याची बातमी पसरली, हजारो माणसे आली, आणि १८६० नंतरच्या दशकात हा शब्द इंग्रजी छापील मजकुरात दिसू लागला.

मूळ शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहिता येईल का?

जवळपास जाता येते, पण अचूक लिहिता येत नाही. साधारण ‘स्थकय्’ असे लिहिले तर तीन ठिकाणी सूचना द्यावी लागते. यातला ‘थ’ आपल्या थाळीतला नाही. जिभेचे टोक वरच्या व खालच्या दातांच्या मधे आणून हवा सोडली की जो घर्षणाचा आवाज येतो, तो तिथे अपेक्षित आहे. ‘क’ आपल्या कमळातला नाही. तो जिभेच्या अगदी मुळाशी, पडजिभेपाशी उच्चारला जातो, आणि उर्दूतला नुक्तेवाला ‘क़’ ज्यांना नीट उच्चारता येतो त्यांना तो सोपा जाईल. शेवटचा ‘य्’ घशात अचानक अडवून तोडलेला असतो. इंग्रजी कानाला यांपैकी पहिल्या दोन ध्वनींचा मेळ ऐकू येणे कठीण होते, म्हणून त्याने ‘स’ घेतला, ‘क’ घेतला आणि शेपटाला ‘आय’ लावून मोकळा झाला.

हाल्कोमेलम ही सॅलिश भाषाकुळातली भाषा आहे. नदीच्या वरच्या अंगाला, मुखाजवळ आणि समोरच्या व्हँकूव्हर बेटावर तिच्या तीन वेगवेगळ्या बोली आहेत, आणि सॉकायच्या नावाचा शेवटही बोलीगणिक थोडा बदलतो. नदीकाठचे स्टोलो लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात, त्याचा अर्थच ‘नदी’ असा आहे. आता या भाषेत लहानपणापासून बोलत आलेली वयस्क माणसे फार थोडी उरली आहेत, आणि नव्या पिढीला ती वर्गांमधून शिकवली जात आहे.

‘नेर्का’ हे शास्त्रीय नाव कुणी दिले?

ते रशियातून आले. विट्स बेरिंगच्या दुसऱ्या कामचाटका मोहिमेत असलेला निसर्ग-अभ्यासक गेऑर्ग विल्हेल्म स्टेलर याने १७४०च्या दशकात तिथल्या नद्यांमधले मासे पाहिले व त्यांची टिपणे ठेवली. कामचाटकाच्या माशांची अशी वर्णने युरोपात पोहोचली, आणि ल्युबेक शहरात वैद्यकी करणाऱ्या योहान युलियस वालबाउम याने १७९२ साली त्यांच्या आधारे प्रशांत महासागराच्या सॅमनांना शास्त्रीय नावे दिली. लॅटिन शब्द घडवत बसण्याऐवजी त्याने तिकडची बोलीतली नावेच उचलली: नेर्का, केटा, गोर्बुशा, किसुच. यांपैकी गोर्बुशा हे रशियन भाषेत ‘कुबड असलेली’ अशा अर्थाचे आहे, आणि अंडी घालण्याच्या दिवसांत नर गुलाबी सॅमनची पाठ पाहिली तर नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

वालबाउमने हे सगळे मासे युरोपातल्या सॅमनच्याच प्रजातीत घातले होते. प्रशांतवासी सॅमनांची प्रजाती वेगळी, हे जॉर्ज सकली याने १८६१ साली मांडले आणि तिला ऑन्कोरिंकस हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘आकड्यासारखे वळलेले नाकाड’ असा होतो. म्हणजे पूर्ण नावाचा पूर्वार्ध ग्रीक, उत्तरार्ध कामचाटकाचा आणि व्यवहारातले नाव फ्रेझरच्या काठचे, अशी या माशाची कागदपत्रे तीन मुलखांत विखुरलेली आहेत.

एकाच माशाला कुणी ‘रेड’ तर कुणी ‘ब्लूबॅक’ का म्हणते?

बोलणारा माणूस माशाला कुठे भेटला, यावर ते अवलंबून आहे. फ्रेझरच्या काठच्या लोकांनी त्याला नदीच्या वरच्या उथळ पाण्यात शेंदरासारखा लाल होऊन आलेला पाहिला होता. रशियन भाषेतही नेर्काच्या जोडीला ‘क्रास्नित्सा’ असे नाव चालते, आणि ते लाल या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. जपानीत तो ‘बेनिझाके’, म्हणजे किरमिजी सॅमन. अलास्कात सरळ ‘रेड’. याउलट कोलंबिया नदीच्या मुखाशी जाळी टाकणाऱ्यांच्या हाती तो समुद्रातून नुकता आत शिरताना लागत असे, अंगावर अजून समुद्राचाच रंग असताना. म्हणून त्यांनी त्याला ‘ब्लूबॅक’, म्हणजे निळ्या पाठीचा, म्हटले. दोन्ही नावे डोळ्यांनी पाहूनच ठेवलेली आहेत, फक्त पाहण्यात काही आठवड्यांचे व काहीशे किलोमीटरांचे अंतर आहे.

कारखानदारांच्या दृष्टीने मात्र कातडीच्या रंगाला महत्त्व नव्हते. त्यांना मांसाचा रंग हवा होता, आणि सॉकायचे मांस समुद्रात असल्यापासून लालभडक असते व डब्यात शिजवल्यावरही तो रंग टिकतो. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाला डबा उघडल्यावर लालच मासा पाहिजे असे. फ्रेझरच्या मुखाशी असलेल्या स्टीव्हस्टन गावात डबाबंद माशांचे जे कारखाने एकाला एक लागून उभे राहिले, ते मुख्यतः या एका जातीच्या जिवावर. त्यांपैकी १८९४ साली बांधलेला जॉर्जिया आखाताच्या नावाचा कारखाना आज वारसास्थळ म्हणून पाहता येतो.

मासा लाल होतो तो कशामुळे?

खाण्यामुळे. समुद्रात सॉकायचे मुख्य अन्न म्हणजे क्रिल आणि तत्सम कवचधारी सूक्ष्म जीव. आपल्याकडच्या जवळ्याच्या जातकुळीतली ही मंडळी. त्यांच्या अंगात अस्टाझँथिन नावाचे लाल-नारिंगी रंगद्रव्य असते. शिजवल्यावर कोलंबी तांबडी होते ती याच रंगद्रव्यामुळे. मासा ते स्वतः तयार करू शकत नाही, पण खाल्लेले मांसात साठवून ठेवतो, आणि सॉकायचा आहारच असा असल्यामुळे सगळ्या सॅमनांत त्याचे मांस सर्वांत गडद असते.

नदीत शिरल्यावर तो खाणे सोडतो. पुढचा सगळा प्रवास अंगावरच्या चरबीवर आणि मग मांसावर चालतो. मांस जसजसे खर्ची पडते, तसतसे त्यात साठवलेले रंगद्रव्य रक्तावाटे कातडीत येते, आणि मादीच्या बाबतीत मोठा वाटा गाबोळीत जातो. म्हणजे बाहेरून जितका लाल, तितका आतून फिका. डोके शेवाळी हिरवे होते, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो, दात बाहेर येतात आणि पाठ उंचावते. ज्या अवस्थेत तो सर्वांत देखणा दिसतो, त्या अवस्थेत तो खाण्याच्या लायकीचा फारसा उरलेला नसतो. कॅलेंडरावरचे चित्र पाहून तसलाच मासा मागणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

‘कोकॅनी’चा आपल्या कोकणीशी काही संबंध आहे का?

मराठी वाचक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. कोकॅनी हे समुद्रात न जाणाऱ्या सॉकायचे नाव आहे, आणि ते फ्रेझर व कोलंबिया या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतल्या अंतर्भागीय सॅलिश भाषांमधून आले आहे. जात तीच, ऑन्कोरिंकस नेर्का. फक्त हे मासे सारा जन्म सरोवरात काढतात. समुद्रातले सकस अन्न न मिळाल्याने ते आकाराने बरेच लहान राहतात, पण अंडी घालण्याच्या वेळी समुद्रावरून आलेल्या भाऊबंदांइतकेच लाल होतात.

यात एक मौजेची गोष्ट आहे. सरोवरात ते रंगद्रव्य फार कमी मिळते. कोकॅनीने पिढ्यानपिढ्या सरोवरात राहून मिळेल तेवढे रंगद्रव्य कसोशीने शोषून घेण्याची क्षमता कमावली आहे. समुद्रावर जाणाऱ्या सॉकायची पिल्ले सरोवरातच अडकून मोठी झाली, तर त्यांना ते जमत नाही आणि ती वयात आल्यावर मळकट हिरवी होतात. जोडीदार निवडताना हे मासे लाल रंगाकडे ओढले जातात असे प्रयोगांत दिसले आहे, तेव्हा लाल न होऊ शकणाऱ्याचा वंश सरोवरात टिकणे अवघड गेले असणार.

जपानमध्ये सरोवरातल्या अशाच माशांना ‘हिमेमासु’ म्हणतात. ‘हिमे’ म्हणजे राजकन्या.

या माशाचा जीवनक्रम कसा असतो?

सुरुवात शरद ऋतूत होते. मादी नदीच्या किंवा सरोवराच्या काठी, जिथे खडीमधून स्वच्छ पाणी खेळत असते, अशी जागा निवडते. मग ती कुशीवर आडवी होते आणि शेपटीचे जोरदार फटके मारते. त्या फटक्यांनी खडे उचलले जातात, प्रवाह त्यांना थोडे खाली नेऊन टाकतो, गाळ धुऊन जातो, आणि तळाशी खळगा तयार होतो. तिच्या शेपटीची कड यात झिजून पांढरी पडते. काठावरून पाहणाऱ्याला लाल अंगामागे ते पांढरे टोक लांबूनही दिसते. अंडी पडताच बाजूचा नर त्यांवर शुक्र सोडतो, मादी थोडी वर सरकून पुन्हा खणू लागते, आणि नव्या खळग्यातून उडालेली खडी जुन्या खळग्यावर आपोआप पांघरली जाते. असे दोन-तीन हजार किंवा त्याहून अधिक अंडी संपेपर्यंत चालते. त्यानंतर ती उरलेली ताकद जागेची राखण करण्यात घालवते आणि थोड्याच दिवसांत मरते.

अंडी हिवाळ्यात फुटतात. पिल्लांच्या पोटाला अंड्यातला बलक पिशवीसारखा चिकटलेला असतो आणि तो संपेपर्यंत ती खडीतच दडून राहतात. वसंतात बाहेर पडल्यावर सॉकायची पिल्ले सहसा सरोवराकडे जातात, आणि या बाबतीत ती इतर सॅमनांहून वेगळी आहेत. तिथे एक-दोन वर्षे काढून, खाऱ्या पाण्याला तोंड देण्याजोगे शरीर झाले की ती समुद्राची वाट धरतात. पुढची दोन-तीन वर्षे अलास्काच्या आखाताच्या बाजूला उघड्या समुद्रात जातात. एका मादीच्या हजारो अंड्यांतून मोठे होऊन परतणारे मासे बोटांवर मोजण्याइतके असतात.

कोकणातल्या वाचकांना पहिल्या पावसात ओहोळांतून शेतांकडे चढणारे वलगणीचे मासे ठाऊक असतात. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणे हे दोन्हीकडे सारखेच आहे. फरक असा की वलगणीच्या माशांची चढण थोडक्यात आटोपते, आणि अंडी घालून झाल्यावर मरण्याचे बंधन त्यांच्यावर नसते.

हजारो किलोमीटरांवरून त्यांना घराची वाट कशी सापडते?

शेवटच्या टप्प्यात वासाने. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तिथल्या माती, दगड व झाडोऱ्यामुळे स्वतःचा वास असतो, आणि पिल्लू समुद्राकडे निघताना तो त्याच्या स्मरणात कायमचा नोंदला जातो. पण उघड्या समुद्रात तो वास पोहोचत नाही. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग होत असावा, याला फ्रेझरच्याच सॉकायनी चांगला पुरावा दिला. परतताना त्यांना व्हँकूव्हर बेटाला उत्तरेकडून वळसा घालावा लागतो किंवा दक्षिणेकडून. ५६ वर्षांच्या मासेमारीच्या नोंदी तपासून २०१३ साली संशोधकांनी असे दाखवले की, पिल्ले समुद्रात गेली त्या वेळी नदीच्या मुखाशी जे चुंबकीय मूल्य होते, त्याच्याशी परतीच्या वर्षी ज्या वाटेचे मूल्य अधिक जुळते, त्या वाटेने येणाऱ्या माशांचे प्रमाण वाढते. समुद्राच्या पाण्याचे तापमानही या निवडीवर परिणाम करते.

अडम्स नदीत दर चार वर्षांनीच एवढी गर्दी का होते?

अडम्स ही फ्रेझरच्याच खोऱ्यातली नदी आहे, आणि फ्रेझरच्या बहुतेक सॉकायचे आयुष्य चार वर्षांचे असते. त्यामुळे एका वर्षीचे मासे आणि पुढच्या वर्षीचे मासे यांची सरमिसळ फारशी होत नाही, आणि एकाच नदीत जणू चार वेगवेगळी घराणी पाळीपाळीने नांदतात. त्यांतले एक भरभराटीचे आणि बाकीची रोडावलेली, असे काही नद्यांत दिसते. अडम्स नदीत २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ ही भरभराटीची वर्षे होती. बाकीची घराणी वर का येत नाहीत, यावर एकमत नाही. मोठ्या वर्षीची पिल्ले सरोवरातले अन्न फस्त करून जातात आणि त्यांच्यावर पोसलेले शिकारी मासे पुढच्या वर्षीच्या थोड्या पिल्लांवर तुटून पडतात, हे स्पष्टीकरण मला त्यातल्या त्यात पटण्यासारखे वाटते.

ज्यांनी नाव दिले, त्या लोकांचा या माशावर हक्क आहे का?

आहे, आणि तो न्यायालयात सिद्ध करावा लागला. सन १९८४ मध्ये मस्क्वीअम या हाल्कोमेलम बोलणाऱ्या समाजातले रोनाल्ड स्पॅरो फ्रेझरच्या मुखाशी मासेमारी करत असताना त्यांच्यावर खटला भरण्यात आला. परवान्याप्रमाणे जाळे २५ फॅदम लांबीचे हवे होते, त्यांचे ४५ फॅदमांचे निघाले. फॅदम म्हणजे आपले दर्यावर्दी ज्याला वाव म्हणतात ते, दोन हात पसरल्यावर होणारे अंतर. जाळे लांब होते हे स्पॅरो यांनी नाकारले नाही; आमचे पूर्वज इथे मासे धरत आले, तो हक्क कधीच संपलेला नाही आणि १९८२च्या संविधान-कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिलेल्या निकालात हे तत्त्व मान्य केले. माशांचे संवर्धन सर्वांत आधी. पण त्यानंतरचा पहिला मान मूळ रहिवाशांच्या अन्नासाठी व धार्मिक-सामाजिक विधींसाठी होणाऱ्या मासेमारीचा, व्यापारी व हौशी मासेमारी त्यामागून, असा क्रम त्यातून रूढ झाला.

या विधींमध्ये हंगामातल्या पहिल्या सॅमनचा विधी महत्त्वाचा असतो. पहिला मासा सगळ्यांनी वाटून खायचा आणि त्याचे काटे सन्मानाने नदीला परत द्यायचे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या कोळीवाड्याला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज पडू नये.

फ्रेझरमधला सॉकाय कमी का झाला?

कारणे अनेक आहेत. त्यांतले सर्वांत ढळढळीत माणसाच्या हातचे होते. फ्रेझरच्या घळीत हेल्स गेट नावाची अत्यंत अरुंद जागा आहे. १९१३ साली तिथे रेल्वेमार्ग खोदताना सुरुंगाने फोडलेला खडक नदीत ढकलला गेला, आणि १९१४ च्या सुरुवातीला दरडही कोसळली. पाण्याचा वेग एवढा वाढला की लाखो मासे त्या जागेखाली अडकून पडले व अंडी न घालताच मेले. १९१३ हे भरभराटीचे वर्ष असल्यामुळे हानी आणखी मोठी झाली. कॅनडा व अमेरिका यांनी १९३७ मध्ये संयुक्त आयोग नेमला, आणि माशांना चढता यावे म्हणून बांधलेले पहिले मार्ग तिथे १९४५-४६ च्या सुमारास सुरू झाले. दरम्यान तीस वर्षे गेली होती.

अलीकडचा धक्का २००९ चा. एक कोटीहून अधिक मासे परततील असा अंदाज होता; आले सुमारे १४-१५ लाख. सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचे काम सुरू होते न होते तोच २०१० साली तीन कोटींच्या आसपास मासे आले, आणि अंदाज बांधणारे पुन्हा तोंडघशी पडले. आयोगाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ७५ शिफारशी केल्या, पण एकच एक गुन्हेगार त्याला सापडला नाही. तापलेले पाणी, समुद्रातले बदललेले अन्न, रोग, अधिवासाचा ऱ्हास यांचा गुंता त्याने मांडला. त्यात २०१९ मध्ये फ्रेझरवरच्याच बिग बार येथे कोसळलेली नवी दरड उघडकीस आली आणि मासे यंत्रांच्या मदतीने पलीकडे पोहोचवण्याची वेळ आली.

‘लोनसम लॅरी’ कोण होता?

तो एक नर सॉकाय होता. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात डोंगरांच्या कुशीत एक सरोवर आहे. त्याचे नावच रेडफिश लेक, म्हणजे लाल माशांचे तळे. समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर दूर आणि सुमारे २,००० मीटर उंच. एके काळी त्याचा काठ अंडी घालायला आलेल्या सॉकायनी लाल दिसत असे. मग कोलंबिया व स्नेक नद्यांवर वाटेत आठ धरणे झाली. नोव्हेंबर १९९१ मध्ये स्नेक नदीचा सॉकाय अमेरिकेच्या कायद्याने धोक्यात आलेला म्हणून जाहीर झाला, आणि १९९२ साली त्या सरोवराकडे फक्त एक मासा परतला. ‘एकटा लॅरी’ हे नाव त्याला लोकांनी दिले. त्याचे शुक्र गोठवून ठेवण्यात आले व पुढे कृत्रिम पैदाशीसाठी वापरले गेले. १९९१ ते १९९८ या सगळ्या काळात मिळून परतलेले रानटी मासे अवघे सोळा, आणि त्यांच्यापासून वाढवलेल्या संततीवर आज तिथला वंश उभा आहे.

सगळीकडे अशीच स्थिती आहे का?

नाही. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागराकडे २०२२ मध्ये जवळपास ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले, आणि त्यांतले सुमारे सहा कोटी पकडूनही अंडी घालायला पुरेसे उरले. नद्यांवर धरणे नाहीत, सरोवरे अखंड आहेत, आणि किती मासे वर गेले हे नदीकाठच्या मनोऱ्यांवरून मोजल्यावरच मासेमारीला परवानगी मिळते. या भागात १९५१ पर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी होती, शिडाच्या होड्यांनीच मासे धरावे लागत. उपसागराच्या वरच्या अंगाला तांब्या-सोन्याची प्रचंड खाण काढण्याचा बेत होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये त्याला मनाई केली.

नामशेष झालेला सॉकायचा एक भाऊबंद पुन्हा सापडला, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि त्यातही नावाचाच घोटाळा होता. जपानच्या ताझावा सरोवरात ‘कुनिमासु’ नावाचा, सॉकायच्या कुळातला काळसर मासा होता. वीज व शेतीच्या योजनेसाठी १९४० साली आम्लयुक्त नदीचे पाणी सरोवरात वळवले गेले आणि तो नाहीसा झाला. त्याआधी त्याची अंडी प्रयोग म्हणून फुजी पर्वताजवळच्या साइको सरोवरात सोडलेली होती. तिथले कोळी तो मासा पुढे कितीतरी वर्षे पकडत राहिले. पण ती हिमेमासुचीच काळपट आवृत्ती असे समजून ते त्याला ‘कुरोमासु’, म्हणजे काळा मासा, म्हणत. २०१० साली कुनिमासुचे चित्र काढण्यासाठी एका चित्रकाराने नमुना म्हणून साइकोतले मासे मागवले, त्यांतले काही वेगळे दिसले, आणि क्योटो विद्यापीठातल्या तपासणीत ते कुनिमासुच ठरले. सत्तर वर्षे तो मासा जाळ्यात येत होता, फक्त चुकीच्या नावाने.

मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो, तो याच जातीचा का?

तो रावस. रावसाचे आणि सॅमनचे कूळ पूर्णपणे वेगळे आहे. रावसाच्या छातीच्या पराखाली चार सुटे तंतू असतात, सॅमनला ते नसतात. रावसाचे मांस फिकट असते आणि तो नदी चढून मरत नाही. चवीला तो स्वतःच्या नावावर विकला जाण्याइतका उत्तम आहे, त्याला सॅमनची उसनी ओळख लावण्याचे कारण उपाहारगृहांच्या यादीपलीकडे काही नाही. मोठ्या दुकानांत आयात केलेला जो सॅमन मिळतो, तो बहुधा अटलांटिक सॅमन असतो, आणि तोही मत्स्यशेतीतला. त्याच्या मांसाला रंग यावा म्हणून खाद्यातच अस्टाझँथिन मिसळतात. सॉकायची शेती मात्र जवळजवळ होत नाही; बाजारात येणारा सॉकाय रानटीच असतो. सिॲटल-व्हँकूव्हरकडच्या मराठी घरांसाठी एवढेच: सॉकायमध्ये शेतीतल्या अटलांटिक सॅमनपेक्षा चरबी कमी असते, तेव्हा तव्यावर जास्त वेळ ठेवला तर तो कोरडा पडतो.

सॉकाय प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कुठे जावे?

दोन ठिकाणे सांगता येतील. सिॲटलच्या बॅलर्ड भागात समुद्र व सरोवर यांना जोडणाऱ्या, होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या जलपाशांशेजारी माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा जिना बांधलेला आहे, आणि त्याला जमिनीखालच्या दालनातून काचेच्या खिडक्या आहेत. जुलैत तिथे उभे राहिले की हिरवट पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी हलवत जागच्या जागी टिकून राहिलेले मासे हातभर अंतरावर दिसतात. ते अजून चंदेरी असतात. ब्लूबॅक म्हणणाऱ्यांनी पाहिला तो हाच मासा.

लाल पाहायचा असेल तर ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सच्या पूर्वेला अडम्स नदीवर, ऑक्टोबरात जावे. समुद्रापासून सुमारे ५०० किलोमीटर चढून आलेले मासे तिथल्या गुडघाभर पाण्यात असतात. चारच्या हिशेबाने पुढचे मोठे वर्ष २०२६ आहे. पाण्यात उतरू नये, कारण खडीखाली अंडी असतात, आणि कुत्रे बरोबर नेऊ नये. मेलेल्या माशांचा वास येतो, त्याची तयारी ठेवावी.